मुंबईत उपचार, पण राहायचं कुठे?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या पुतण्याला रक्ताचा कर्करोग झाला आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार ठरले आहेत. मुंबईत ओळखीचं कुणी नाही. आईवडील राहतील कुठे?
– एक काका, बीड

उत्तर : काका, आधी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. निवासासाठी लागणारं पत्र आणि अर्थसाहाय्याची माहिती तिथेच मिळेल. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा दूरगावच्या कर्करुग्णांना नातेवाइकांसह अल्प दरात आसरा देते. उपाशी, आजारी माणसात देव पाहणाऱ्या गाडगेबाबांचाच हा वारसा आहे. फक्त बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड केंद्रांत मोफत निवास असतो, त्याबाबतही विचारा.

अशा ठिकाणी छपराइतकाच मोठा आधार शेजारच्या पालकांचा असतो. केमोनंतर मूल जेवत नसेल तर काय करायचं, हे अनुभवी आई नेमकं सांगते. औषधांचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

बाळाची प्रतिकारशक्ती कमी असेल. उकळलेलं पाणी आणि हातांची स्वच्छता सांभाळा, गर्दी टाळा. उपचार साधारण दोन-अडीच वर्षं चालतात, म्हणून आईला विश्रांती मिळेल अशा पाळ्या आजच ठरवा. मध्येच उपचार सोडू नका. या आजाराची बहुतेक मुलं पूर्ण उपचारांनी बरी होतात.