साठ फिल्स की साठ टक्के?

मुलांनो, हमद टाउनमध्ये राउंडअबाउटजवळच्या पेट्रोल पंपावर बाबांच्या गाडीत तुम्ही कितीदा बसला असाल! जानेवारी 2016 मध्ये बहरीन सरकारने पेट्रोलवरचं अनुदान कमी केलं. 'मुमताझ' पेट्रोल लिटरमागे 100 फिल्सवरून 160 फिल्स झालं. कच्च्या तेलाचे भाव घसरले होते, तिजोरीत पैसा कमी येत होता, हे खरं.

आता गंमत बघा. वाढीच्या बाजूने बोलणारा म्हणेल, "अहो, फक्त 60 फिल्स!" विरोधात बोलणारा म्हणेल, "एका रात्रीत 60 टक्के!" खोटं कोणीच बोलत नाहीये. एकाने आकडा लहान वाटेल असं माप निवडलं, दुसऱ्याने मोठा वाटेल असं. मग आपण काय करायचं? टाकी मोजायची. 40 लिटरला आधी 4 दिनार लागायचे, नंतर 6 दिनार 400 फिल्स.

शब्दही असेच कपडे बदलतात. ऑक्टोबर 2015 मध्ये मांसावरचं अनुदान निघालं. नागरिकांना भरपाई रोख मिळाली, आपल्यासारख्या परदेशी कुटुंबांना नाही. याला कोणी 'कपात' म्हणतं, कोणी 'अनुदान योग्य माणसापर्यंत पोचवणं'. दुसरं ऐकायला किती गोड, नाही का? पण 'योग्य म्हणजे कोण?' असं विचारलंत, की यादीत आपलं घर नाही हे कळतं.

करून पाहा: 1 जानेवारी 2022 ला व्हॅट 5 टक्क्यांवरून 10 टक्के झाला. एक वाक्य बाजूने लिहा, एक विरोधात. दोन्ही खरी हवीत हं! मग आजीला फोनवर वाचून दाखवा आणि तिला कोणतं पटलं ते विचारा.