चोरटी मूर्ती आणि जुने छायाचित्र : सीमाशुल्क तपासातील उघड माहितीचे स्थान

सीमाशुल्क तपास म्हटला की गुप्त खबर, रात्रीची गस्त आणि बंदरावरील झडती डोळ्यांसमोर येते. परंतु ग्रंथालयातील पुस्तक, संग्रहालयाची सूची, लिलावाची जाहिरात, संशोधन संस्थेने काढून ठेवलेले छायाचित्र अशा कोणालाही पाहता येणाऱ्या साधनांनीही मोठी प्रकरणे उलगडली आहेत. प्राचीन मूर्तींच्या चोरट्या निर्यातीच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे.

तामिळनाडूतील अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंदान हे लहानसे गाव आहे. तेथील चोलकालीन शिवमंदिरात अकराव्या शतकातील नटराजाची कांस्यमूर्ती होती. पूजाअर्चा थांबलेल्या त्या मंदिराचे कुलूप चोरट्यांनी २००६ साली फोडले. मूर्ती नाहीशा झाल्याचे अधिकृतपणे ध्यानात आले ते २००८ मध्ये. आणि तोपर्यंत हा नटराज कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने सुमारे ५० लक्ष डॉलरना विकतही घेतला होता. न्यूयॉर्कमधील विक्रेता सुभाष कपूर याने मूर्ती फार पूर्वीच भारताबाहेर गेल्याची बनावट कागदपत्रे सोबत जोडली होती.

हा बनाव टिकला नाही. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संशोधन संस्थेने दक्षिणेतील मंदिरांची हजारो छायाचित्रे अनेक वर्षे जमविली होती आणि त्यांत हीच मूर्ती तिच्या मूळ मंदिरात उभी असलेली दिसत होती. मूर्ती १९७० च्या सुमारास देशाबाहेर गेली असे कागद सांगत होते, तर १९९० नंतरचे छायाचित्र ती गावातच असल्याचे दाखवीत होते. दोहोंपैकी एकच खरे असू शकत होते. कपूर याला २०११ मध्ये जर्मनीत अटक झाली, २०१२ मध्ये तो भारताच्या स्वाधीन करण्यात आला, २०१४ मध्ये नटराज स्वदेशी परतला आणि २०२२ मध्ये कुंभकोणम येथील न्यायालयाने कपूरला शिक्षा ठोठावली. अमेरिकेच्या सीमाशुल्क तपासयंत्रणेचे लक्षही कपूरच्या व्यवहारांकडे वळले होते. २००७ साली तेथे पोहोचणाऱ्या पेट्यांवर बागेतील संगमरवरी टेबलांचे संच असल्याचे लिहिलेले होते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. पुरावस्तू व कलाकृतींविषयीच्या १९७२ च्या अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खाजगी व्यक्तीस निर्यात करता येत नाही, आणि अशा निर्यातीस सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मधील तरतुदीही लागू होतात. अडचण असते ती ओळखण्याची. निर्यातपत्रावर ‘हस्तकलेची वस्तू’ एवढेच लिहिलेले असते आणि नवी मूर्ती जुनी भासविण्याची कला जशी आहे, तशीच जुनी मूर्ती नवी भासविण्याचीही आहे. वस्तू पुरातन नसल्याचा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग देतो. परंतु दाखला एका वस्तूचा आणि पेटीत दुसरी, असेही घडू शकते. अशा वेळी तुलनेसाठी मूळ नोंद हाताशी असली तरच अधिकाऱ्याचा संशय पुराव्याच्या वाटेला लागतो.

महाराष्ट्रात हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ चा ग्रंथ आणि जुनी जिल्हा गॅझेटियरे ही साधने उपलब्ध आहेत. तथापि त्यांत प्रसिद्ध मंदिरे येतात. गावकुसाजवळचे वीरगळ, ग्रामदैवताचे मुखवटे किंवा देव्हाऱ्यातील टाक क्वचितच येतात. सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या नोंदणीत जंगम मालमत्तेचा तपशील असतो खरा. पण तेथे केवळ ‘पितळी मूर्ती, नग १’ एवढेच लिहिलेले असेल, तर परदेशातील संग्रहालयापुढे त्या ओळीचा काय उपयोग?

म्हणून ग्रामपंचायत, विश्वस्त आणि शाळेतील शिक्षक यांनी मिळून केलेली साधी नोंद मोलाची ठरते. १९९७ पासून जगभर रूढ झालेल्या ऑब्जेक्ट आयडी या पद्धतीत मूर्तीची उंची व रुंदी, धातू वा दगड, कोरीव लेख आणि मुख्य म्हणजे खुणा टिपल्या जातात. तुटलेले बोट, ओतकामातील दोष, झिजलेला चेहरा यांची नक्कल सहसा कोणी करीत नाही. समोरून, मागून व दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत व त्यांवर दिनांक घालावा. मूर्तीची जागा, कुलूप आणि राखणदारीचा तपशील मात्र कोठेही प्रसिद्ध करू नये. उघड माहिती चोरही वाचतो.

जुळलेले छायाचित्र हा तपासाचा आरंभ असतो, निकाल नव्हे. ते कोणी व केव्हा काढले हे सांगणारी व्यक्ती लागते. संगणकीय प्रत असल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रही लागते. आणि या सर्वांआधी चोरीची फिर्याद लागते. इंटरपोलच्या चोरीस गेलेल्या कलावस्तूंच्या सूचीत कोणालाही शोध घेता येतो, २०२१ पासून तो भ्रमणध्वनीवरूनही घेता येतो. परंतु पोलीस ठाण्यात ज्या मूर्तीची नोंदच झाली नाही, ती त्या सूचीत सापडणार नाही.