एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स : आधी बॅकअप, मग बाकी सगळं



विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शाळेतले, घरातले बरेच जुने संगणक विंडोज ११ घेत नाहीत. मग ते भंगारात काढायचे का? नाही. विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स बसवता येतं. यालाच ड्युअल बूट म्हणतात. संगणक सुरू केला की कोणती सिस्टीम हवी, ते आपण निवडायचं.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा घाईत चुकीचा पर्याय निवडला. विंडोज तर गेलंच, सोबत वर्गाच्या आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी आणि सहलीचे फोटो गेले. नोंदी वह्यांवरून पुन्हा भरल्या. फोटो परत आले नाहीत. म्हणून हा क्रम पाळा.

१. सर्व फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. त्या उघडतात का तेही बघा.

२. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. बिटलॉकर चालू असेल तर तेही बंद करून डिस्क पूर्ण उघडी होईपर्यंत थांबा.

३. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम' वापरून निदान ५० जीबी जागा मोकळी करा. तिथे नवीन ड्राइव्ह बनवू नका.

४. लिनक्स मिंट डाउनलोड करून रूफसने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

५. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा. त्यासाठी कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबावं लागतं. इन्स्टॉल न करताच वायफाय, आवाज, प्रोजेक्टर तपासा.

६. सगळं ठीक असेल तरच इन्स्टॉल करा. इथे 'इन्स्टॉल अलाँगसाइड' हाच पर्याय निवडा. 'इरेज डिस्क' म्हणजे पाटी कोरी! माझी चूक इथेच झाली. 'अलाँगसाइड' दिसतच नसेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराला विचारा.

नंतर इंटरनेटसाठी लिनक्स वापरा. विंडोज फक्त तिथेच चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरपुरतं ठेवा. लिनक्सवर जीकॉम्प्री मोफत मिळतं. त्यात लहान मुलांसाठी शंभराहून जास्त खेळ आहेत. लिबरऑफिसमध्ये मराठी प्रश्नपत्रिकाही छान तयार होते.

तासाभराचं काम आहे, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी करू नका. सुट्टीच्या दिवशी, शांतपणे करा. आणि पहिली पायरी कधीच गाळू नका.