बाई, एकीला जाऊ?

पाड्यांवर संध्याकाळचे वर्ग घेणाऱ्या आणि त्यांना हातभार लावणाऱ्या प्रिय बंधुभगिनींनो, या अंकातला पाठ लघवीविषयी आहे. संकोच वाटेल. पण अनुवादाच्या 23व्या अध्यायात, 12 व 13 या वचनांत, छावणीबाहेर शौचाची जागा राखण्याबद्दल आणि खणायला सोबत काय बाळगावे याबद्दल स्पष्ट सूचना आहेत. पवित्र शास्त्र जे मोकळेपणाने बोलते, ते आपणही बोलू या.

पाढे म्हणताना एखादे मूल मांड्या आवळून बसते, चुळबुळ करते, सातचा पाढा मध्येच सोडते. आपण म्हणतो, याचे लक्ष नाही. लक्ष असते, पण सगळे एकाच ठिकाणी. लहान मुलाच्या मूत्राशयात किती मावते याचा ढोबळ हिशेब डॉक्टर असा करतात: वयात 2 मिळवायचे आणि 30ने गुणायचे. 7 वर्षांच्या मुलाचे 270 मिलिलिटर झाले, म्हणजे जेमतेम पेलाभर. ते भरत आले की मेंदूकडे सारखे निरोप जातात, आणि मुलाची शक्ती ते थोपवण्यात जाते. अशा वेळी "आत्ताच तर आलास, बस खाली" म्हणून पुढे शिकवलेले फळ्यावरच राहते. रोज दाबून धरायची सवय लागली तर मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि एकदा वर्गात चड्डी ओली झाली, चारजण हसले, की ते मूल दुसऱ्या दिवशी यायला धजत नाही.

पहिलीतल्यांचे आणखी अवघड. घरात वारली किंवा कातकरी बोली, वर्गात पुस्तकी मराठी. परवानगी मागायचे वाक्य त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. म्हणून अ-आ-इच्या आधी करंगळी दाखवायला शिकवा, आणि त्यांच्या बोलीतला शब्द त्यांच्याकडूनच शिकून घ्या. आपला उच्चार ऐकून मुले हसतील. हसू द्या.

एकाला सोडले की दहा उठतात, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. त्यावर सोपा उपाय आहे. दाराशी एक गुळगुळीत गोटा ठेवावा. ज्याला जायचे त्याने तो उचलून न्यावा, परत आणून ठेवावा. गोटा जागेवर नसेल तर कोणीतरी बाहेर आहे. विचारायची गरजच नाही. तरीही एखादे मूल फारच वारंवार जात असेल, जळजळ सांगत असेल किंवा सारखे पाणी मागत असेल, तर रागावू नका. पालकांना सांगून त्याला आरोग्य केंद्रात न्या.

मुलींकडे मात्र वेगळे पाहावे लागते. पुष्कळ मुली मागतच नाहीत, कारण वर्गाला यायच्या आधीपासून त्या पाणीच पीत नाहीत. तहानलेल्या मुलीचे डोके दुखते, लक्ष तरी कसे लागावे? पाळीच्या दिवसांत त्या घरीच राहतात. मुलामुलींसाठी शाळेत वेगळी स्वच्छतागृहे हवीत, असे 2009चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. पण जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्यात विहिरी आटतात, आणि पाण्यावाचून बांधलेले स्वच्छतागृह कुलपातच राहते.

वह्या, दप्तरे देऊ इच्छिणारे पुष्कळजण आम्हाला विचारतात. या वेळी आधी झाकणाचे पिंप, बादली, मग, साबण द्या. आणि दाराला आतून लागणारी कडी.