माहेरी निघताना कार्ड पिशवीत आहे का?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्या वस्त्यांमध्ये अजून टिकून आहे. मुंबई-पुण्याच्या वस्तीत नांदणारी लेक दिवस भरत आले की बीड, नांदेड, वाशीम, अकोल्याकडे आईच्या घरी निघते. चार दिवस विसावा मिळावा, यात चूक काहीच नाही. पण वाट दहा-बारा तासांची असते, आणि आपली तयारी मात्र बाळाची दुपटी बांधण्यापुरतीच असते.

आम्ही ग्रामीण रुग्णालयात नर्स होतो तेव्हाची गोष्ट. आठव्या महिन्यातली एक मुलगी रात्री झटके येत असताना दाखल झाली. आदल्या दिवशीच मुंबईहून एसटीने आली होती. दोन दिवस डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. घरच्यांना वाटलं, प्रवासाचा शीण आहे. कपाळाला बाम चोळला. कार्ड मुंबईला ट्रंकेत राहिलं होतं. नवऱ्याने ते आणलं तेव्हा दिसलं, मागच्या दोन्ही तपासण्यांत बीपी वाढलेलं लिहिलं होतं. आई वाचली, बाळाला मात्र बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. दोष त्या मुलीचा नव्हता. कार्डावर काय लिहिलंय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

कधी निघावं

चौथा महिना लागल्यापासून सातवा संपेपर्यंतचा काळ प्रवासाला सगळ्यात बरा. पहिल्या तीन महिन्यांत उलट्या आणि थकवा असतो. आठव्या-नवव्यात कळा कधीही सुरू होऊ शकतात. म्हणून माहेरी जायचंच असेल तर नववा लागायची वाट पाहू नका, सातव्यातच जा.

निघण्याआधीच्या आठवड्यात बीपी, रक्त आणि लघवी तपासून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त, अंगावरून रक्त जाणं, वार खाली असणं, जुळं, रक्त फार कमी असणं, किंवा आधीचं बाळंतपण दिवसांआधी झालेलं असणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाडीत बसू नका.

पिशवीत काय हवं

माता-बाल संरक्षण कार्ड सगळ्यात वर. त्यासोबत सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या पुरेशा घ्या. दोन्ही एकाच वेळी घेऊ नका, आणि लोहाची गोळी चहासोबत नको. कार्डाचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्येही ठेवा.

गाडीत बसल्यावर

एसटीत मागच्या बाकावर हादरे जास्त बसतात. मधली जागा घ्या. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा पैसे वाचवायला वडापमध्ये कोंबून घेऊ नका. रेल्वेत गरोदर बाईसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. तिकीट काढतानाच सांगा आणि डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवा. गाडीत त्रास झाला तर १३९ वर फोन करा.

स्टँडवरची मुतारी घाण, म्हणून आपल्या बाया दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत. हे फार वाईट. पाणी कमी आणि लघवी तुंबलेली, यातून लघवीला संसर्ग होतो, आणि त्यामुळे कळा लवकर येऊ शकतात. पाणी प्या, मोठ्या डेपोत उतरा, सोबत कोणीतरी चला.

गरोदरपणात रक्ताची गाठ व्हायची शक्यता वाढते. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसू नका. दोन तासांनी थोडं चाला, बसल्या जागी पावलं गोल फिरवा. एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर दवाखाना गाठा.

खायला घरची भाकरी, फुटाणे, केळी. कापून ठेवलेली फळं आणि उघड्यावरची चटणी नको. गाडी लागण्याची गोळी मनाने घेऊ नका. चारचाकीत पट्टा लावा: खालचा भाग पोटाच्या खाली मांड्यांवर, वरचा दोन्ही स्तनांच्या मधून.

फाट्यावरून गावापर्यंत मोटरसायकल, हा शेवटचा टप्पा सगळ्यात धोक्याचा. जमेल तर रिक्षा सांगून ठेवा. पडलात किंवा पोटाला मार लागला तर दुखत नसलं तरी तपासून घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत इंजेक्शन लागू शकतं.

चैत्यभूमी किंवा दीक्षाभूमीला जाणाऱ्या भगिनींनाही हेच सांगणं आहे. शेवटच्या महिन्यांत ६ डिसेंबरच्या रांगेत तासन्‌तास उभं राहू नका. अभिवादन नंतर कधीही करता येतं.

हे दिसलं तर थांबायचं नाही

रक्त किंवा पाणी जाणं, पोटात कळा, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड-हात सुजणं, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं एक जरी दिसलं तरी जवळच्या दवाखान्यात उतरा, १०८ ला फोन करा. ‘गाव आता जवळच आलंय’ म्हणून पुढे जाऊ नका.

पोचल्यावर

पहिल्या दोन-तीन दिवसांतच तिथल्या आशाताईंना भेटा, उपकेंद्रात नाव नोंदवा, कार्ड दाखवा. बाळंतपण कुठे करायचं आणि रात्री गाडी कुठून येईल, हे आधीच ठरवा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. ही कुणाची मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे. कोणी पैसे मागितले तर पावती मागा आणि लेखी तक्रार द्या.

घरातली लेक-सून निघणार असेल तर आज जेवण झाल्यावर तिचं कार्ड उघडा. घरातल्या शिकलेल्या पोराला ते मोठ्याने वाचायला लावा. नवऱ्याने आणि सासूनेही ऐकावं. जे कळणार नाही ते उद्या आशाताईंना विचारा. तिकीट त्यानंतर काढा.