युवकांचे पर्यावरण प्रदर्शन : पाहण्याजोगे आणि करण्याजोगे

धर्मग्रामाच्या सणाला किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाला आपली मुले प्रदर्शन मांडतात. थर्मोकोलचा डोंगर, निळ्या रंगाची नदी, त्यावर "झाडे लावा, झाडे जगवा" अशी पाटी. आपण कौतुक करतो, फोटो काढतो आणि घरी येतो. दुसऱ्या दिवशी तो डोंगर उकिरड्यावर पडतो. थर्मोकोल कुजत नाही, म्हणजे पर्यावरणाचे प्रदर्शनच कचरा वाढवून जाते. मुलांचे कष्ट खरे असतात, पण ते पाहून कुणाच्या शेताचा बांध उंच झाला किंवा कुणाची विहीर स्वच्छ झाली असे क्वचितच घडते. असे का होते आणि काय केले तर हे चित्र बदलेल, याचा या पाठात आपण विचार करू.

आपल्याच गावाचा प्रश्न

मुलांसाठी भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचे मूळ ग्वाल्हेरमध्ये आहे. तेथील एका छोट्या विज्ञान केंद्राने हा उपक्रम लहान प्रमाणावर सुरू केला आणि १९९३ साली तो देशपातळीवर नेण्यात आला. त्यामागची कल्पना साधी होती. मुलांनी पुस्तकातला प्रयोग उतरवून आणायचा नाही, तर आपल्या परिसरातला एक प्रश्न निवडायचा, स्वतः हिंडून मोजमाप करायचे आणि जे आढळले ते आपल्या भाषेत चार लोकांपुढे मांडायचे.

आपल्या युवकांनीही हीच रीत धरावी. मांडणीला किती रंग लावला याला महत्त्व नाही. "हे आमच्या गावात मोजले" असे मुलाला छातीठोकपणे सांगता आले पाहिजे. तसे सांगता आले की शेतकरी थांबतो आणि ऐकतो. आपण चार नमुने पाहू. चारही थोड्या खर्चात होण्यासारखे आहेत.

पहिला नमुना : माती कोठे जाते?

प्लास्टिकच्या तीन सारख्या बाटल्या आडव्या ठेवून त्यांची वरची बाजू कापावी. तिन्हींत एकाच शेतातली माती सारखी दाबून भरावी. पहिलीत माती उघडी ठेवावी. दुसरीत मातीवर पालापाचोळा किंवा ज्वारीची चिपाडे पसरावीत. तिसरीत प्रदर्शनाच्या पंधरा-वीस दिवस आधी मेथी किंवा मूग दाट पेरावा. तिन्ही बाटल्या तोंडाकडे थोड्या उतरत्या ठेवून, बुचे काढून, खाली काचेचे पेले ठेवावेत. मग प्रत्येकीवर अर्धा लिटर पाणी झारीने शिंपडावे.

उघड्या मातीच्या पेल्यात गढूळ पाणी भराभर उतरते. पिकाखालच्या पेल्यात ते सावकाश आणि बरेच निवळ येते. पाहणाऱ्याला वेगळे व्याख्यान लागत नाही. मुलांनी एवढाच हिशेब जोडावा : एका एकरावरची फक्त १ मिलिमीटर जाडीची माती वाहून गेली, तर तिचे वजन सुमारे ५ टन भरते. १ मिलिमीटर गेलेला डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पेल्यातला गाळ वाळवून, तोलून दाखवला तर तो निर्धास्तपणा जातो.

दुसरा नमुना : छपरावरचे पाणी

पाऊस मोजायला महागडे यंत्र लागत नाही. सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी, हे सूत्र मुलांनी पाठ करावे.

आता वीस फूट बाय तीस फुटांचे घर घ्या. छप्पर सुमारे ५५ चौरस मीटर होते. हंगामात १,००० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर ५५,००० लिटर पाणी पडते. उडून-सांडून जाणारे वजा करून पाचातले चार भाग धरले तरी ४४,००० लिटर उरते. घराला रोज २०० लिटर लागते असे धरले तर हे २२० दिवसांचे पाणी झाले. एवढे साठवायला टाकी नसेल, पण पन्हळ लावून, वाळू-खडीच्या गाळणीतून ते विहिरीकडे नेता येते. पहिल्या पावसाचे, छप्पर धुऊन आलेले पाणी मात्र बाहेर सोडून द्यावे.

मांडणीत घराची प्रतिकृती नसली तरी चालेल. एक पाटी आणि खडू ठेवावा. येणाऱ्याला विचारावे, "काका, तुमच्या घराचे छप्पर किती फुटांचे?" आणि त्यांच्यासमोर हिशेब करून द्यावा. स्वतःच्या घराचा आकडा माणूस विसरत नाही.

तिसरा नमुना : विहिरीचे पाणी

हा नमुना सर्वांत नाजूक आणि सर्वांत गरजेचा आहे. स्वच्छ दिसणारे पाणी निर्दोष असतेच असे नाही. ग्वाल्हेरच्याच संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक सोपी तपासणी प्रसिद्ध केली. रसायनात भिजवलेली कागदाची पट्टी असलेल्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर त्यात मैल्याची भेसळ झाल्याचा दाट संशय घ्यावा. अशा तयार बाटल्या विकत मिळतात. तपासणी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करावी, आणि काळ्या पडलेल्या बाटल्या ब्लीचिंग घालून मगच ओताव्यात.

येथे एक पथ्य पाळावे. कोणाची विहीर काळी निघाली हे प्रदर्शनात नावानिशी लावू नये. आधी त्या घरी जाऊन, "मामा, तुमच्या पाण्याची अशी तपासणी आली आहे, काय करता येईल ते पाहू या," असे सांगावे. चारचौघांत लाज वाटली तर माणूस पाणी सुधारण्याऐवजी मुलांवर रागावेल, आणि त्या घरची लेकरे तेच पाणी पीत राहतील. प्रदर्शनात "तपासलेल्या इतक्या विहिरींपैकी इतक्या दूषित" एवढेच लिहावे.

शेजारी उपायही मांडावा. पिण्याचे पाणी निदान एक मिनिट खळखळून उकळावे. विहीर शुद्ध करण्यासाठी चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर दर १,००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम घालतात. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने व ३.१४ ने गुणावे आणि ४ ने भागावे. येतात ते घनमीटर, आणि एका घनमीटरमध्ये १,००० लिटर पाणी. व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर असेल तर सुमारे १४,००० लिटर होते, आणि त्याला ३५ ग्रॅम पावडर पुरते. पावडर बादलीत कालवून पाच-दहा मिनिटे निवळू द्यावी. चुना खाली बसतो, तो विहिरीत टाकू नये. वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत सोडून ढवळावे आणि निदान एक तास पाणी शेंदू नये. हे काम रात्री केल्यास सोयीचे पडते. पाणी फार गढूळ असेल तर मात्रा जास्त लागते, म्हणून आरोग्यसेवकाचा सल्ला घ्यावा.

चौथा नमुना : बरणीतले डास

घरामागच्या पिंपातले पाणी काचेच्या बरणीत घेऊन तोंडाला बारीक कापड घट्ट बांधावे. वळवळणाऱ्या अळ्या पाहून आयाबाया आपणहून विचारतात, "हे आमच्या पिंपात असते का?" डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी केली तर साखळी तुटते. दुसऱ्या बरणीत गप्पी मासे ठेवून ते अळ्या कसे मटकावतात तेही दाखवावे. प्रदर्शन संपल्यावर अळ्यांचे पाणी कोरड्या मातीवर ओतावे, गटारात नव्हे.

मांडणी कशी करावी?

थर्मोकोल आणि फ्लेक्स टाळावेत. गोणपाट, बांबू, जुनी लुगडी, खळ्यातली चिपाडे यांनी उत्तम मांडणी होते. अक्षरे दहा फुटांवरून वाचता यावीत, कारण येणाऱ्या पुष्कळ वडीलधाऱ्यांची नजर अधू असते. एका पाटीवर एकच गोष्ट लिहावी. पाहुण्याच्या हाती काही काम द्यावे : झारीने पाणी शिंपडणे, गाळ तोलणे, छपराचा हिशेब करणे. बोलणे तीन मिनिटांत आटपावे आणि पाठ केलेले भाषण करू नये.

"कालची पोरे आम्हांला शेती शिकवणार?" असे कोणी म्हणेलच. त्यावर वाद घालू नये. त्याच आजोबांना विचारावे, जुने बांध कोठे होते, कोणत्या ओढ्याला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असे. त्यांनी सांगितलेला गावाचा नकाशा मोठ्या कागदावर काढून मध्यभागी लावावा. म्हणजे प्रदर्शन मुलांचे राहत नाही, सबंध गावाचे होते.

दिवसही विचारपूर्वक ठरवावा. जूनमध्ये पाऊस मोजायला सुरुवात केली तर ४ ऑक्टोबरला, संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या सणाला, चार महिन्यांचे आकडे हाती असतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली या संताला पर्यावरणाचे आश्रयदाते घोषित केले.

प्रदर्शनानंतर

दाराशी वही ठेवावी. जाताना प्रत्येकाने एकच काम लिहावे : बांधावर गवत लावीन, पन्हळ बसवीन, रविवारी पिंपे कोरडी करीन. महिन्याने युवकांनी दोघादोघांनी घरोघर जाऊन विचारावे. दहांपैकी तिघांनी केले असेल तर तो आकडा पुढच्या वर्षीच्या पहिल्या पाटीवर लिहावा. सातांनी का केले नाही, पैसा नव्हता, वेळ नव्हता की पटले नव्हते, हेही लिहावे. पुढच्या प्रदर्शनाचा विषय त्यातूनच मिळतो.

घरी चर्चेसाठी

१. आपल्या शेतातून पावसाळ्यात गढूळ पाणी कोणत्या कोपऱ्यातून बाहेर पडते?
२. आपल्या छपरावर हंगामात किती लिटर पाणी पडते?
३. आपल्या विहिरीचे पाणी शेवटचे केव्हा तपासले होते?
४. यापैकी कोणते एक काम या महिन्यात आपल्या घरी होईल, आणि ते कोण करील?