मत्स्यकुंडासाठी घरगुती जिवंत खडक

गोड्या पाण्याचे मत्स्यकुंड, म्हणजे मासे पाळण्याची काचेची टाकी, पुष्कळांच्या परिचयाची आहे. खाऱ्या पाण्याचे कुंड, ज्यात प्रवाळ व समुद्रातील रंगीत मासे एकत्र नांदतात, ते राखणे याहून बरेच अवघड होय. या कुंडाचा खरा आधार दिवे किंवा पंप हा नसून त्यात रचलेला ‘जिवंत खडक’ हा असतो. हा खडक घरच्या घरी कसा तयार करावा, याची माहिती या लेखात देण्याचे योजिले आहे. शेतीच्या मासिकात हा विषय कशासाठी, अशी शंका कोणास येईल. परंतु पुढील विवेचनावरून असे दिसून येईल की, हे काम दगडापेक्षा जमिनीच्या मशागतीलाच अधिक जवळचे आहे.

खडक जिवंत म्हणजे काय? — दगड स्वतः जिवंत नसतो. मेलेल्या प्रवाळांच्या चुनखडी सांगाड्यांचा तो सच्छिद्र गोळा असतो, आणि त्यात राहणारे असंख्य सूक्ष्मजंतू, शेवाळ व बारीक प्राणी हे जिवंत असतात. माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या खाद्यापासून पाण्यात अमोनिया उत्पन्न होतो आणि तो माशांस विषारी आहे. खडकाच्या पृष्ठभागावरील एका जातीचे जंतू प्राणवायूच्या साह्याने अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसऱ्या जातीचे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हीच क्रिया आपल्या शेतात शेणखत कुजताना घडते. ती विशिष्ट जंतूंकडून होते, हे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास सिद्ध केले. खडकाच्या आतील छिद्रांत प्राणवायू कमी पोहोचतो. तेथे तिसऱ्या प्रकारचे जंतू नायट्रेट फोडून त्यातील नत्र वायुरूपाने उडवून लावतात. पाणी साचलेल्या भातखाचरात नायट्रेटरूपी खत याच क्रियेने वाया जाते. शेतात जे नुकसान, तेच मत्स्यकुंडात उपकारक ठरते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

खडक घरी का करावा? — जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातील असे दगड टाकीत ठेवून केवळ हवेचे बुडबुडे सोडले असता प्रवाळ जगतात, असे त्यांनी दाखविले. पुढे या खडकास जगभर मागणी आली आणि फिजी, इंडोनेशिया वगैरे बेटांच्या किनाऱ्यावरून तो मोठ्या प्रमाणावर परदेशी जाऊ लागला. निसर्गास जो खडक बांधावयास शेकडो वर्षे लागतात, तो पहारीने काढण्यास एक दिवस पुरतो.

आपल्या देशात तर याबाबत कायदाच स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण प्रवाळांचा समावेश झाला. त्यामुळे प्रवाळ तोडणे, बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे, व प्रवाळ लागलेला खडकही त्यात आला. महाराष्ट्रात मालवण व त्यापलीकडे खोल समुद्रातील आंग्रिया बँक येथे प्रवाळ आहेतच. पण मुंबईतही हाजीअली व वरळीच्या खडकांवर ते आढळतात. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी, २०२० साली, तेथील काही प्रवाळ परवानगीने उचलून दुसरीकडे बसवावे लागले. यावरून या जिवांचे मोल समजून येईल.

देवनार, गोवंडी, मानखुर्द या बाजूच्या लोकांस ठाणे खाडी अगदी जवळ असल्यामुळे, तेथील पाणी व दगड फुकट मिळतील असे वाटण्याचा संभव आहे. परंतु तसे करू नये. या खाडीत शहराचे सांडपाणी उतरते; देवनारचे कचऱ्याचे आगर १९२७ पासून तिच्याच काठी आहे; पाणी गाळाने गढूळ असते, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा फार उतरतो. असे पाणी प्रवाळास मानवणार नाही. शिवाय तेथील तिवरांचे रान संरक्षित असून खाडीच्या एका भागास २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर केलेले आहे. सबब साहित्य बाजारातून आणावे. ते स्वस्तही पडते.

साहित्य — (१) साधे पोर्टलँड सिमेंट, पांढरे किंवा करडे. पोत्यावर राख मिसळल्याचा उल्लेख असल्यास ते घेऊ नये. भिंतीस लावण्याची पुटीही चालत नाही. (२) शिंपल्यांचा जाडा चुरा. कोंबड्यांच्या खाद्यात घालण्यासाठी हा विकला जातो, व तोच येथे खडीचे काम करतो. औषध किंवा इतर क्षार मिसळलेला मात्र नसावा. (३) मिठागरातील जाडे, खड्यांचे मीठ. (४) साच्यासाठी ओली रेती व एक खोके.

मिश्रण — मापाने सिमेंट १ भाग, चुरा २ भाग व मीठ २ भाग घ्यावे. प्रथम सिमेंट व चुरा कोरडेच एकजीव करावे, मग थोडथोडे पाणी शिंपडून कालवावे, आणि मीठ अगदी शेवटी घालावे. आधी घातल्यास ते विरघळून जाते. मिश्रण मुठीत दाबले असता गोळा राहावा, पण पाणी गळू नये, इतपतच ओल असावी. पाणी जास्त झाल्यास छिद्रे बुजतात व दगड कच्चा राहतो. ओले सिमेंट कातडी जाळते, म्हणून हातात रबरी मोजे घालावे व कोरडे कालवताना तोंडास फडके बांधावे.

साचा — खोक्यात ओली रेती भरून तीत वेडावाकडा खळगा करावा व त्यात मिश्रण न ठोकता सैल घालावे. मधूनमधून ओल्या रेतीचे गोळे ठेवावे. पुढे रेती धुऊन गेली की तेथे गुहा राहतात व मासे त्यांत आसरा घेतात. आधारासाठी लोखंडी तार किंवा तांब्याची वस्तू आत घालू नये. तांबे हे प्रवाळ, कोळंबी वगैरे प्राण्यांस अत्यल्प प्रमाणातही घातक असते. म्हणून मोरचूद किंवा बोर्डो मिश्रण कालवलेले पिंप, तसेच फवारणीची भांडी, कितीही धुतली तरी या कामास वापरू नयेत. साचा गोणपाटाने झाकून दोन दिवस ओलसर ठेवावा व मग दगड हलक्या हाताने काढावा. १०० लिटर पाण्याच्या कुंडास १० ते १२ किलो खडक साधारणपणे पुरतो.

दगड मुरविणे — सर्व कामातील मुख्य भाग हाच, आणि घाई होते तीही येथेच. सिमेंट घट्ट होताना त्यातून विरी चुना सुटतो. नव्या दगडाभोवतालच्या पाण्याचा पी. एच. १२ च्या वर जातो. समुद्राच्या पाण्याचा तो ८.१ ते ८.३ एवढाच असतो. असा कच्चा दगड कुंडात ठेवल्यास मासे व प्रवाळ मरतात. पी. एच. वाढला की पाण्यातील अमोनियाचे विषही अधिक तीव्र होते, म्हणजे संकट दुप्पट होते.

यासाठी दगड मोठ्या पिंपात गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे. पहिला आठवडा पाणी रोज बदलावे, पुढे दोन-तीन दिवसांनी बदलावे. सुरुवातीच्या पाण्यात मीठ विरघळलेले असते. ते बागेत किंवा शेतात ओतू नये. सुटलेला चुना धुऊन जातो, व काही हवेतील कार्बनिक आम्ल वायूशी संयोग पावून पुन्हा चुनखडी बनतो. भिंतीचा चुना घट्ट होतो तो याच रीतीने. काही जण शिरक्यात बुडवून हे काम लवकर उरकू पाहतात; पण त्याने वरचा थर तेवढा निवळतो व दगड ठिसूळ होतो. सहा ते आठ आठवडे लागतील असे गृहीत धरूनच कामास लागावे.

परीक्षा — दगड स्वच्छ पाण्यात चार दिवस पाणी न बदलता ठेवावा. शेजारी दुसऱ्या भांड्यात तेच पाणी दगडाविना ठेवावे. चौथ्या दिवशी रंगपट्टीने किंवा थेंबांच्या परीक्षासंचाने दोहोंचा पी. एच. पाहावा. दगडाच्या पाण्याचा पी. एच. ८.५ च्या आत असून दोहोंत फारसे अंतर नसेल, तर दगड तयार समजावा. नाहीतर पुन्हा मुरत घालावा.

विरजण — इथवर झाला तो नुसता दगड. त्यात वस्ती अजून व्हावयाची आहे. क्लोरीन काढलेल्या शुद्ध पाण्यात मत्स्यकुंडासाठी मिळणारे समुद्री क्षार, लिटरास सुमारे ३५ ग्रॅम, घालावे. केवळ खाण्याचे मीठ चालत नाही. त्यात प्रवाळास लागणारे कॅल्शियम व मॅग्नेशियम पुरेसे नसते. पाणी २५ ते २७ अंशांवर राखून पंपाने खेळते ठेवावे. मग जुन्या, निरोगी कुंडातील मूठभर वाळू किंवा कायदेशीर मार्गाने मिळालेला लहानसा मुरलेला दगड आत सोडावा. दुधास विरजण लावावे तसे हे आहे. मात्र शेणखताबरोबर तणाचे बी येते, त्याप्रमाणे वाळूबरोबर उपद्रवी जीवही येतात, म्हणून ती पारखून घ्यावी.

जंतूंना अन्न म्हणून माशांचे खाद्य चिमूटभर टाकावे. पोत्यातील युरिया किंवा अमोनियम सल्फेट टाकण्याचा मोह आवरावा. शेताच्या खतात इतर कोणती द्रव्ये असतील याची शाश्वती नसते. या मुदतीत दिवा लावू नये, नाहीतर शेवाळ माजते. प्रथम अमोनिया वाढेल, मग तो उतरून नायट्राइट वाढेल, व शेवटी तेही उतरून नायट्रेट दिसू लागेल. यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावाचून एकही मासा सोडू नये. आतील छिद्रांतील नत्र उडविणारे जंतू याहून उशिरा बसतात, आणि दगडावर जांभळे चुनखडी शेवाळ चढावयास कित्येक महिने जातात.

नवी जमीन मोडल्यावर पहिल्याच वर्षी भरघोस पिकाची अपेक्षा जाणता शेतकरी करीत नाही. ती भुसभुशीत करावी, तिच्यातील दोष धुऊन काढावा आणि तिच्यात जीव भरावा लागतो. सिमेंटच्या दगडाचीही गोष्ट तीच आहे. त्याचे गुण सिमेंटच्या किमतीवर नव्हे, तर छिद्रे, धुणी व मुदत यांवर अवलंबून असतात. २०२४ साली वरळीच्या समुद्रात काँक्रीटचे दोनशेवर कृत्रिम खडक सोडण्यात आले. तेथेही आसरा देणे एवढेच माणसाच्या हाती असून वस्ती समुद्रानेच करावयाची आहे. तेव्हा ज्यांना या छंदाची आवड असेल त्यांनी समुद्रातील खडकास हात न लावता तीन-साडेतीन महिन्यांचा धीर धरावा, आणि आपला खडक आपणच पिकवावा, एवढेच आमचे सांगणे आहे.